यंत्राचा निर्णय आणि माणसाचा प्रश्न
कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतीविषयी सार्वजनिक विचारमंथन : एक अभ्यास

‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा शब्दप्रयोग १९५६ साली अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात भरलेल्या उन्हाळी अभ्यासवर्गापासून विद्वानांच्या वर्तुळात रूढ झाला. त्यानंतरची कित्येक दशके हा विषय विद्यापीठे आणि प्रयोगशाळा यांच्यापुरताच मर्यादित होता. आज मात्र तो सर्वसामान्य माणसाच्या दारी येऊन ठेपला आहे. नोकरीसाठी आलेल्या अर्जांची पहिली चाळणी, रुग्णाच्या मेंदूच्या प्रतिमेचे वाचन, बँकेच्या कार्डावरील संशयास्पद व्यवहाराची ओळख, कर्जमागणीच्या अर्जाची प्राथमिक छाननी अशी अनेक कामे संगणक प्रणाली करू लागल्या आहेत. त्या केवळ आकडेमोड करीत नाहीत, तर माणसांविषयी अंदाज बांधतात, आणि त्या अंदाजावर कुणाचे तरी काम होते किंवा अडते.

अशा वेळी एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. या प्रणालींनी काय करावे आणि काय करू नये, हे ठरवायचे कोणी? प्रणाली बनविणाऱ्या अभियंत्यांनी, कायदे करणाऱ्या शासनाने, की ज्यांच्याविषयी निर्णय होतो त्या नागरिकांनी? पहिल्या दोन घटकांची चर्चा बरीच होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पॅरिस येथे या विषयावर राष्ट्राराष्ट्रांच्या परिषदा झाल्या. पॅरिसच्या परिषदेचे सहअध्यक्षपद भारताकडे होते. तिसऱ्या घटकाला, म्हणजे सामान्य नागरिकाला, या विचारात स्थान देण्याचे जे प्रयत्न जगात झाले, त्यांचा परिचय करून घेणे आणि त्यांतून बँकेच्या खातेदाराने काय घ्यावे याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. व्याख्यान आणि कार्यशाळा

सार्वजनिक व्याख्यान ही मराठी माणसाला नवी गोष्ट नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात १८७५ साली सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला ही या परंपरेची मुहूर्तमेढ होय. विज्ञान लोकांच्या भाषेत लोकांपर्यंत नेण्यासाठी १९६६ साली मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली. महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी समाजानेही आपापल्या मंडळांतून व्याख्यानांची ही प्रथा जपली आहे.

व्याख्यानाचे महत्त्व निर्विवाद आहे. विषयाची ओळख झाल्याशिवाय मत बनत नाही. फिनलंडमध्ये २०१८ साली हेलसिंकी विद्यापीठाने एका तंत्रज्ञान कंपनीच्या साहाय्याने कृत्रिम बुद्धिमत्तेची मूलतत्त्वे शिकविणारा एक विनामूल्य अभ्यासक्रम सर्वांसाठी खुला केला. देशातील निदान एक टक्का लोकांनी, म्हणजे सुमारे ५५,००० नागरिकांनी तो पूर्ण करावा, असे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते. या उपक्रमामागील विचार स्पष्ट होता : ज्या साधनाचा परिणाम सर्वांवर होणार, त्याचे किमान ज्ञान सर्वांना असले पाहिजे.

तथापि व्याख्यानात ज्ञानाचा ओघ एकाच दिशेने वाहतो. वक्ता सांगतो आणि श्रोते ऐकतात. शेवटी दहा मिनिटे प्रश्नोत्तरे होतात आणि सभा विसर्जित होते. नीतीचे प्रश्न एवढ्याने सुटत नाहीत. ‘प्रणाली न्याय्य असावी’ या विधानावर सभागृहातील प्रत्येक हात वर होईल. पण दोन चांगल्या गोष्टींपैकी एकच मिळणार असेल तेव्हा कोणती निवडावी, असे विचारताच मतभेद सुरू होतात. त्या मतभेदाला शिस्त लावून त्यातून विचारपूर्वक निष्कर्ष काढण्याचे काम कार्यशाळा करते. तेथे सहभागी व्यक्तीसमोर तत्त्व मांडले जात नाही, प्रकरण मांडले जाते.

२. नागरिक-पंचांची परंपरा

अवघड तांत्रिक प्रश्नावर सामान्य नागरिकांना पंच म्हणून बसविण्याची कल्पना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चर्चेपेक्षा बरीच जुनी आहे. अमेरिकेत नेड क्रॉस्बी यांनी १९७४ साली जेफर्सन सेंटर ही संस्था स्थापून ‘नागरिक पंचमंडळ’ ही पद्धत विकसित केली. त्याच सुमारास जर्मनीत पेटर डिनेल यांनी अशाच स्वरूपाचे प्रयोग केले. डेन्मार्कमध्ये १९८७ साली जनुक तंत्रज्ञानावर नागरिकांची सहमती परिषद भरविण्यात आली. या सर्व पद्धतींचा गाभा एकच आहे. समाजाच्या निरनिराळ्या स्तरांतून थोडी माणसे निवडावीत, त्यांना पुरेसा वेळ द्यावा, दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांना त्यांच्यासमोर साक्षीदारासारखे उभे करावे, आणि मग त्यांचा निर्णय कारणांसह लिहून घ्यावा.

आपल्या देशातही असे प्रयोग झाले आहेत. २००१ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील मेदक जिल्ह्यात ‘प्रजातीर्पू’, म्हणजे लोकांचा निवाडा, या नावाने एक पंचमंडळ बसले होते. त्यात लहान व सीमांत शेतकरी होते आणि स्त्रियांची संख्या अधिक होती. राज्यातील शेतीच्या भवितव्याची तीन चित्रे त्यांच्यासमोर ठेवण्यात आली आणि त्यांनी साक्षीदारांना प्रश्न विचारून आपले मत दिले. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे त्यावर देखरेख करणाऱ्या समितीचे प्रमुख होते. या प्रयोगाच्या निःपक्षपातीपणाविषयी पुढे वाद झाला. साक्षीदार कोणी निवडले, प्रश्न कोणी मांडला, यावर निवाड्याचा रंग अवलंबून असतो, हा त्या वादाने दिलेला धडा आजही उपयोगी आहे.

त्यानंतर २०१० साली बीटी वांग्याच्या प्रश्नावर तत्कालीन केंद्रीय पर्यावरण राज्यमंत्री जयराम रमेश यांनी देशातील सात शहरांत जाहीर सभा घेतल्या. नागपूर हे त्यांपैकी एक होते. या सभांनंतर ९ फेब्रुवारी २०१० रोजी शासनाने त्या वाणाच्या लागवडीला स्थगिती दिली. त्या निर्णयाविषयी मतभिन्नता असू शकते, पण सार्वजनिक चर्चेचा धोरणावर परिणाम होऊ शकतो, हे त्यातून दिसून आले.

बियाण्याविषयीचा प्रश्न आणि संगणक प्रणालीविषयीचा प्रश्न यांत एक साम्य आहे. दोन्ही ठिकाणी ज्ञान थोड्यांच्या हाती असते आणि परिणाम मात्र असंख्यांना भोगावा लागतो. म्हणूनच हीच पद्धत पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वापरली गेली.

३. माँट्रियलचा जाहीरनामा : चर्चेने मसुदा बदलतो

कॅनडातील माँट्रियल हे या क्षेत्रातील संशोधनाचे एक अग्रगण्य केंद्र आहे. तेथील विद्यापीठाच्या पुढाकाराने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी एका परिषदेच्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जबाबदार विकासासाठी एका जाहीरनाम्याचा प्राथमिक मसुदा मांडण्यात आला. त्यात कल्याण, स्वायत्तता, न्याय, खासगीपणा, ज्ञान, लोकशाही आणि उत्तरदायित्व अशी सात मूल्ये होती.

विद्वानांनी केलेला मसुदा प्रसिद्ध करून काम संपविता आले असते. तसे न करता २०१८ साली तो नागरिकांपुढे ठेवण्यात आला. सार्वजनिक ग्रंथालयांत आणि इतरत्र भरलेल्या कार्यशाळांत ५०० हून अधिक व्यक्तींनी भाग घेतला. आरोग्य, न्यायव्यवस्था, शिक्षण, रोजगार आणि शहर व्यवस्थापन ही क्षेत्रे चर्चेसाठी निवडली होती. नजीकच्या भविष्यकाळातील एखादा कल्पित प्रसंग गटाला वाचून दाखविला जाई, आणि त्यात कोणाचे काय बिघडते, कोणाला काय मिळते, यावर चर्चा होई.

४ डिसेंबर २०१८ रोजी जाहीरनामा अंतिम स्वरूपात प्रसिद्ध झाला, तेव्हा सातांच्या जागी दहा तत्त्वे होती. माणसामाणसांतील बांधिलकी, विविधतेचा समावेश, सावधगिरी आणि पर्यावरणाची शाश्वतता यांना त्यात स्वतंत्र स्थान मिळाले होते. मूळ मसुदा करणारे लोक विद्वान होते, तरीही जाणत्या व सामान्य अशा अनेकांच्या विचारविनिमयातून त्यांचा मसुदा अधिक व्यापक झाला. सार्वजनिक कार्यशाळा म्हणजे केवळ जनजागृतीचा सोहळा नव्हे, याचे हे उत्तम उदाहरण होय.

४. कॉव्हेंट्री आणि मँचेस्टर : अचूकता की स्पष्टीकरण?

२०१९ साली इंग्लंडमध्ये झालेला प्रयोग याहूनही अधिक बोधप्रद आहे. तेथील माहिती आयुक्तांचे कार्यालय आणि रुग्णसुरक्षेवर संशोधन करणारे मँचेस्टरमधील एक केंद्र यांनी कॉव्हेंट्री आणि मँचेस्टर या दोन शहरांत नागरिक-पंचमंडळे बसविली. प्रत्येक मंडळात १८ नागरिक होते आणि प्रत्येकाचे कामकाज पाच दिवस चालले.

पंचांपुढे ठेवलेला पेच असा होता. काही संगणक प्रणाली साध्या नियमांवर चालतात. त्या आपल्या निर्णयाचे कारण पूर्णपणे सांगू शकतात, पण त्यांची अचूकता तुलनेने कमी असते. काही प्रणाली प्रचंड माहितीतून स्वतःच आडाखे शिकतात. त्यांचा निर्णय अधिक अचूक असतो, पण तो का घेतला हे त्या सांगू शकत नाहीत. तिसरा प्रकार या दोहोंच्या मधला, म्हणजे बऱ्यापैकी अचूक आणि थोडेफार कारण सांगणारा. यांपैकी कोणती प्रणाली निवडाल? हा पेच कल्पित असला तरी प्रणाली बनविणाऱ्यांना तो प्रत्यक्षात अनेकदा भेडसावतो.

हा प्रश्न चार प्रसंगांत विचारण्यात आला : पक्षाघाताच्या रुग्णाचे निदान, मूत्रपिंडासाठी दाता आणि रुग्ण यांची जुळणी, नोकरीच्या अर्जांची चाळणी, आणि एखाद्या गुन्हेगाराला खटल्याऐवजी पुनर्वसन कार्यक्रमाची संधी द्यावी की नाही याचा निर्णय.

पंचांनी चारही ठिकाणी एकच उत्तर दिले नाही. वैद्यकीय प्रसंगांत बहुतेकांनी अचूकतेला झुकते माप दिले. जीव वाचणे हे तेथे सर्वांत महत्त्वाचे, असा त्यांचा विचार होता. नोकरी आणि गुन्हेगारी न्याय यांच्या बाबतीत मात्र स्पष्टीकरणाला अधिक पसंती मिळाली. नोकरी नाकारली गेली तर आपल्यात काय कमी पडले हे उमेदवाराला कळायला हवे, निर्णयात पक्षपात असेल तर तो उघडकीस यायला हवा, आणि अन्याय झाला असेल तर दाद मागता यायला हवी, अशी कारणे पुढे आली. जेथे माणसाने निर्णय घेतला असता तर त्याच्याकडून कारणाची अपेक्षा केली असती, तेथे यंत्राकडूनही ती करावी, असाही विचार मांडला गेला.

या प्रयोगाचे निष्कर्ष कागदावरच राहिले नाहीत. माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने ॲलन ट्युरिंग इन्स्टिट्यूटच्या सहकार्याने मे २०२० मध्ये यंत्राधारित निर्णयांचे स्पष्टीकरण कसे द्यावे याविषयीची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्या पूर्वतयारीत या पंचमंडळांचा वाटा होता.

या निवाड्यातून एक सूत्र हाती लागते. स्पष्टीकरणाचे मोल ते ऐकणाऱ्याला त्याचा काय उपयोग करता येतो, यावर ठरते. शस्त्रक्रियेच्या टेबलावरील रुग्णाला गणिती कारणमीमांसेचा उपयोग नाही. पण अर्ज फेटाळला गेलेल्या माणसाला कारण कळले, तर तो चूक दुरुस्त करू शकतो, कमतरता भरून काढू शकतो किंवा दाद मागू शकतो. कारण कळले नाही, तर यांपैकी एकही मार्ग त्याच्यापुढे उरत नाही.

५. कारण न सांगण्याची किंमत

हा केवळ तात्त्विक मुद्दा नाही, हे नेदरलँड्समधील घटनांनी दाखवून दिले. तेथील शासन नोकरदार पालकांना मुलांच्या पाळणाघराच्या खर्चासाठी अनुदान देते. या अनुदानातील गैरप्रकार शोधण्यासाठी कर विभाग २०१३ पासून अर्जांना जोखमीचे गुण देणारी स्वयंशिक्षित प्रणाली वापरू लागला. अर्जदार डच नागरिक आहे की नाही, ही बाबही त्या गुणांकनात धरली जात होती. ज्या अर्जांना अधिक गुण मिळत, ते तपासणीसाठी कर्मचाऱ्याकडे जात. परंतु गुण अधिक का आले, हे त्या कर्मचाऱ्यालाही सांगितले जात नसे.

याला तेथील कायद्याच्या व अंमलबजावणीच्या कठोरपणाची जोड मिळाली. अर्जातील किरकोळ त्रुटीसाठीही संपूर्ण अनुदान परत मागितले जाई. हजारो पालकांवर लबाडीचा शिक्का बसला, अनेकांवर कर्जाचा डोंगर चढला, संसार उद्ध्वस्त झाले. या प्रकरणी १५ जानेवारी २०२१ रोजी पंतप्रधान मार्क रुट्टे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

सर्व दोष यंत्राचा होता, असे म्हणणे न्याय्य ठरणार नाही, कारण कठोर नियम माणसांनीच केले होते. पण यंत्राच्या मौनामुळे चूक वर्षानुवर्षे दडून राहिली. पालक विचारीत होते, ‘आमचे काय चुकले?’ आणि उत्तर देण्यासाठी समोर बसलेल्या अधिकाऱ्याजवळही उत्तर नव्हते. हाच प्रश्न एखाद्या पंचमंडळापुढे आधी ठेवला गेला असता, तर नागरिकत्वावरून जोखीम ठरविण्यास किती जणांनी मान्यता दिली असती, याचा विचार वाचकांनीच करावा.

६. कर्जाचा अर्ज कोणत्या बाजूचा?

आता आपल्या परिचयाच्या क्षेत्राकडे वळू. कर्जमागणीचा अर्ज हा पक्षाघाताच्या निदानासारखा की नोकरीच्या अर्जासारखा? वरील सूत्र लावले तर उत्तर स्पष्ट आहे. कर्ज नाकारले गेलेल्या माणसाला कारणाचा पुरेपूर उपयोग असतो. जुनी थकबाकी चुकून नावावर दिसत असेल तर ती दुरुस्त करून घेता येते, उत्पन्नाचा पुरावा अपुरा असेल तर तो जोडता येतो, मागणी झेपण्यापलीकडची असेल तर ती कमी करता येते.

येथे ‘अचूकता’ या शब्दाचाही नीट विचार केला पाहिजे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका प्रणालीने १०,००० अर्ज तपासले आणि तिची अचूकता ९५ टक्के आहे. म्हणजे ५०० अर्जांच्या बाबतीत तिचा निर्णय चुकला. या अर्जदारांपैकी ९,००० जण नियमित पगारदार आहेत आणि १,००० जण फेरीवाले, कारागीर, घरगुती उद्योग करणाऱ्या स्त्रिया असे अनियमित उत्पन्नाचे लोक आहेत. चुका सारख्या वाटल्या गेल्या, तर पगारदारांत ४५० आणि इतरांत ५० चुका होतील. पण २५० चुका एका गटात आणि २५० दुसऱ्या गटात झाल्या, तर काय होईल? पगारदारांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण तीन टक्क्यांहून कमी राहील, आणि दुसऱ्या गटात दर चौघांमागे एकाच्या बाबतीत निर्णय चुकेल. दोन्ही परिस्थितींत एकूण अचूकता मात्र ९५ टक्केच राहील. म्हणून कोणतीही प्रणाली ‘इतके टक्के अचूक’ आहे असे सांगितले गेले, की ‘कोणासाठी?’ असा प्रश्न विचारावा.

असे का घडते, हेही समजून घेणे आवश्यक आहे. प्रणाली भूतकाळातील कर्जांच्या नोंदींवरून शिकते. ज्यांना पूर्वी कर्ज फारसे मिळालेच नाही, त्यांच्या नोंदी थोड्या असतात आणि त्यांच्याविषयीचे अंदाज कच्चे राहतात. शिवाय जात, धर्म किंवा लिंग यांचा रकाना अर्जातून काढून टाकला, तरी राहण्याचा पिनकोड किंवा व्यवसायाचा प्रकार अशा अप्रत्यक्ष खुणांवाटे तोच भेद आत शिरू शकतो. यामागे कोणाचाही दुष्ट हेतू असावा लागत नाही, आणि म्हणूनच तो सहजासहजी ध्यानात येत नाही.

आपल्या देशात कारण विचारण्याच्या हक्काला आधार आहे, ही समाधानाची बाब होय. भारतीय रिझर्व्ह बँकेने २००३ साली ऋणदात्यांसाठी न्याय्य व्यवहार संहितेची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. लहान कर्जदारांचा अर्ज नाकारताना मुख्य कारण लेखी कळवावे, असे त्यात म्हटले होते, आणि २००७ साली ही अपेक्षा सर्व प्रकारच्या कर्जांना लागू करण्यात आली. यंत्राचा प्रसार होण्यापूर्वीच मान्य झालेले हे तत्त्व यंत्राच्या काळात अधिकच मोलाचे ठरते. ‘संगणकाने नाकारले’ हे कारण नव्हे. तसेच २०१७ पासून प्रत्येक व्यक्तीला पतविषयक माहिती ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण पत-अहवाल विनामूल्य मिळू शकतो. तो मागवून वाचणे हा सजग खातेदाराचा पहिला स्वाध्याय असावा.

डिसेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने वित्तक्षेत्रात कृत्रिम बुद्धिमत्तेचा जबाबदार व नीतिनिष्ठ वापर कसा व्हावा, याची चौकट सुचविण्यासाठी एक समिती नेमली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक पुष्पक भट्टाचार्य हे तिचे अध्यक्ष होते. भारतीय भाषांच्या संगणकीय अभ्यासात त्यांचे कार्य मोठे आहे. मराठी शब्दांचे परस्परसंबंध दाखविणारे संगणकीय शब्दजाल त्याच संस्थेत तयार झाले. समितीचा अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सात सूत्रे आणि २६ शिफारशी आहेत. विश्वास हा पाया, माणूस प्रथम, न्याय्यता व समता, उत्तरदायित्व, समजण्याजोगी रचना ही त्या सूत्रांपैकी काही होत. निष्कारण निर्बंधांपेक्षा नवनिर्मितीला प्राधान्य द्यावे, असेही एक सूत्र त्यात आहे. ही सूत्रे परस्परांना छेद देतील तेव्हा पारडे कोणत्या बाजूला झुकावे, हा प्रश्न पुन्हा समाजाच्या विवेकाकडेच येतो.

७. आपल्या मंडळात अशी कार्यशाळा कशी घ्यावी?

अशा विचारमंथनासाठी विद्यापीठाची किंवा परदेशी संस्थेची वाट पाहण्याचे कारण नाही. गृहनिर्माण संस्था, ज्येष्ठ नागरिक संघ, स्वयंसाहाय्यता गट, महाविद्यालय, किंवा इंदूर, बडोदा, हैदराबाद यांसारख्या शहरांतील महाराष्ट्र मंडळे यांना एका दुपारच्या अवधीत ही कार्यशाळा घेता येईल. तिची रूपरेषा पुढीलप्रमाणे ठेवावी.

(अ) १२ ते २० व्यक्ती निवडाव्यात. त्यांत वय, शिक्षण, व्यवसाय आणि स्त्री-पुरुष यांचे वैविध्य असावे. केवळ संगणक जाणणारे लोक बोलावू नयेत.

(आ) आरंभी अर्धा तास जाणकाराने विषयाची ओळख करून द्यावी. प्रणालीच्या बाजूने आणि तिच्याविषयी शंका घेणारा, असे दोन वक्ते असल्यास उत्तम.

(इ) एकच ठोस प्रकरण लेखी स्वरूपात द्यावे. चर्चेपूर्वी प्रत्येकाने आपले मत चिठ्ठीवर लिहावे.

(ई) पाच-सहा जणांच्या गटांत चर्चा व्हावी. संचालकाने स्वतःचे मत सांगू नये आणि न बोलणाऱ्यांना आवर्जून बोलते करावे.

(उ) चर्चेनंतर पुन्हा मत नोंदवावे. किती मते बदलली यापेक्षा ती कोणत्या कारणाने बदलली, हे लिहून ठेवावे.

(ऊ) निष्कर्ष, मतभेदांसह, एका पानात मांडून संबंधित संस्थेकडे पाठवावेत आणि उत्तराची अपेक्षा कळवावी.

सरावासाठी एक कल्पित प्रकरण येथे देत आहोत. एक गृहिणी सहा वर्षांपासून घरी शिवणकाम करते. तिचे बचत खाते आहे. पूर्वी तिने बचतगटामार्फत घेतलेले कर्ज वेळेवर फेडले, पण ती परतफेड गटाच्या नावे नोंदली गेली. दोन नवी शिलाई यंत्रे घेण्यासाठी तिने दीड लाख रुपयांच्या कर्जाचा अर्ज केला. प्रणालीने तो नाकारला. कारण म्हणून ‘पुरेसा पत-इतिहास नाही’ एवढेच कळविले गेले.

चर्चेसाठी प्रश्न : हे कारण तिला उपयोगी आहे काय? उपयोगी ठरेल असे कारण कोणत्या शब्दांत लिहाल? असा अर्ज माणसाने पुन्हा पाहावा काय, आणि पाहणाऱ्याला प्रणालीचा निर्णय बदलण्याचा अधिकार असावा काय? बँकेकडे ठेवींच्या रूपाने जमा झालेला पैसाही अखेर लोकांचाच आहे. बुडीत कर्जाची जोखीम किती पत्करावी?

त्यानंतर प्रसंग बदलावा. मध्यरात्री एका खातेदाराच्या कार्डावर परदेशातून मोठी खरेदी होऊ लागली आणि प्रणालीने ती क्षणात अडविली. येथेही आधी पूर्ण स्पष्टीकरण हवे, असे आपण म्हणाल काय? फसवणूक ओळखण्याचे सर्व आडाखे जाहीर केले, तर त्यांचा पहिला लाभ चोरालाच होईल. येथे त्वरा आणि अचूकता महत्त्वाची, आणि व्यवहार खरा निघाल्यास तो तत्परतेने मोकळा करणारी व्यवस्था महत्त्वाची. एकाच बँकेत, एकाच खातेदाराच्या बाबतीत, दोन निरनिराळी उत्तरे योग्य असू शकतात, हे या तुलनेतून सहभागी व्यक्तींच्या आपोआप लक्षात येईल.

८. मर्यादा

अशा उपक्रमांच्या मर्यादाही ध्यानात ठेवल्या पाहिजेत. १८ नागरिकांचे मत म्हणजे संपूर्ण समाजाचे मत नव्हे. साक्षीदारांची निवड एकांगी असेल, तर निवाडाही एकांगी होतो. ज्याला रोजंदारी बुडवून येणे परवडत नाही, तो सहसा येत नाही, आणि पुष्कळदा यंत्राच्या चुकीचा फटका त्यालाच सर्वाधिक बसतो. म्हणून सहभागी व्यक्तींना त्यांच्या वेळेचा मोबदला देणे, कार्यशाळा सुटीच्या दिवशी व त्यांच्या वस्तीजवळ घेणे, आणि तिचे कामकाज त्यांच्या भाषेत चालविणे हे आयोजकांचे कर्तव्य ठरते.

सर्वांत मोठी मर्यादा वेगळीच आहे. चर्चा झाली, छायाचित्रे काढली गेली, अहवाल छापला गेला आणि प्रणाली पूर्वीप्रमाणेच चालू राहिली, तर लोकांचा चर्चेवरचाच विश्वास उडतो. माँट्रियलमध्ये मसुदा बदलला, इंग्लंडमध्ये मार्गदर्शिका निघाली, म्हणून ते प्रयोग स्मरणीय ठरले. कार्यशाळेच्या शेवटी ‘हे मत कोणाकडे जाणार आणि उत्तर कोण देणार?’ हा प्रश्न प्रत्येक सहभागी व्यक्तीने आयोजकांना विचारलाच पाहिजे.

बँकव्यवसायाचा पाया विश्वास हा आहे, असे आपण नेहमी म्हणतो. शाखेत व्यवस्थापकासमोर बसून ‘माझा अर्ज का नामंजूर झाला?’ असे विचारणारा खातेदार अविश्वास दाखवीत नसतो. आपले म्हणणे ऐकले जाईल, या भरवशावरच तो विचारीत असतो. निर्णयाचे काम यंत्राकडे सोपविले गेले, तरी तो भरवसा टिकविण्याची जबाबदारी माणसांकडेच राहते. प्रश्न विचारणे ही खातेदाराची बाजू, आणि उपयोगी पडेल असे उत्तर देणे ही संस्थेची. या दोन्ही बाजू एका टेबलाभोवती बसवून, प्रत्यक्ष अन्याय घडण्यापूर्वीच त्यांच्यात बोलणे घडवून आणणे, हेच या सार्वजनिक विचारमंथनाचे प्रयोजन होय.